दृश्यकलेवरचा संशोधन निबंध : नाशिकच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

जी. डी. आर्ट आणि बी. एफ. ए.ची मुलं, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांतले अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि अधूनमधून त्यांचे आईवडील, सगळे साधारण हेच प्रश्न पाठवतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा न लिहिता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या संस्थेच्या सूचना आणि इथलं उत्तर जुळत नसेल, तर संस्थेच्या सूचना पाळा.

१. शाळेत निबंध लिहीतच आलोय. संशोधन निबंधात वेगळं काय असतं?

'माझा आवडता चित्रकार' लिहिताना ठाऊक असलेलं नीट मांडायचं असतं. संशोधन निबंधात एक प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर सुरुवातीला तुम्हालाही ठाऊक नसतं. शिवाय प्रत्येक विधानामागे पुरावा लागतो. दृश्यकलेत हा पुरावा आधी डोळ्यांना दिसणारा हवा: दगड, रंग, रेषा, वीण. पुस्तकातली अवतरणं त्याच्या जोडीला. बहुतेक निबंध इथेच घसरतात. चित्रकाराच्या चरित्राला दहा पानं आणि चित्राला दीड परिच्छेद, असा तो हिशेब होऊन बसतो.

२. किती शब्द लिहायचे?

आयबीच्या विस्तारित निबंधाला कमाल ४००० शब्द. इतर ठिकाणी ज्याचं त्याचं परिपत्रक. तळटीपा आणि चित्राखालच्या ओळी शब्दसंख्येत धरतात की नाही, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

३. विषय कसा निवडू? सगळे विषय होऊन गेलेत असं वाटतं.

माझी एकच अट असते: ज्याच्यासमोर तुम्हाला किमान दोनदा उभं राहता येईल असं काहीतरी घ्या. पहिल्यांदा पाहून आल्यावर घरी प्रश्न पडतात, आणि त्यांची उत्तरं दुसऱ्या फेरीतच मिळतात.

या बाबतीत नाशिककरांची चंगळ आहे. शहराच्या वेशीवर पांडवलेणी आहेत. सिन्नरला यादवकाळातलं गोंदेश्वराचं पंचायतन (मधे मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांत चार छोटी), भूमिज म्हणजे छोट्या शिखरांच्या ओळींनी रचलेल्या शिखरासकट उभं आहे. गोदाघाटावर पेशवाईतली देवळं आहेत. चांदवडच्या रंगमहालात होळकरांच्या काळातली भित्तिचित्रं, येवल्यात हातमागावरची पैठणी, अंजनेरीत जैन मंदिरांचे अवशेष आणि पायथ्याशी १९८० साली सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था. नाण्यावरचा राजाचा मुखवटा हाही दृश्यकलेचाच विषय, पण तो फारसं कुणी घेत नाही. जुनंच हवं असंही नाही. शिवाजी तुप्यांसारख्या चित्रकारांनी जलरंगात रंगवलेला गोदाघाट आणि आज डोळ्यांना दिसणारा घाट, यावर कुणी नीट लिहिलं तर मला वाचायला आवडेल. मांगीतुंगीचा १०८ फुटी ऋषभदेव २०१६ मध्ये पूर्ण झाला. एवढ्या मोठ्या मूर्तीचं प्रमाण खालून पाहणाऱ्यासाठी कसं साधलं असेल, हा प्रश्न अगदी आजचा आहे.

'होऊन गेलेले' असतात ते विषय. तुमचा प्रश्न बहुधा कुणी विचारलेला नसतो. पुढचं उत्तर पाहा.

४. 'पांडवलेणी : एक अभ्यास' हे शीर्षक सरांनी परत पाठवलं. त्यात चूक काय?

तो अख्ख्या ग्रंथाचा विषय आहे. डोंगरावर २४ लेणी आहेत आणि त्यांचं काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू होऊन पुढे काही शतकं चाललं. हे सगळं चार हजार शब्दांत बसवायला गेलात तर हाती फक्त यादी उरेल.

विषय तासत न्या. आधी एक प्रकार निवडा, समजा विहार, म्हणजे भिक्षूंच्या निवासाचं लेणं. मग दोन विहार, समजा लेणं ३ आणि लेणं १०. पहिलं सातवाहनांचं, राजमाता गौतमी बलश्रीच्या दानाचा लेख असलेलं. दुसरं क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचं. दोन्ही घराणी एकमेकांची शत्रू. मग एक घटक घ्या: दर्शनी खांब. आता प्रश्न असा होतो: 'लेणं ३ आणि लेणं १० यांच्या व्हरांड्यातल्या खांबांच्या घडणीवरून एकाने दुसऱ्याचं अनुकरण केलं असं म्हणता येतं का?' याचं उत्तर हो, नाही किंवा अर्धवट, काहीही येऊ शकतं. आणि ते शोधायला डोंगर चढावा लागतो.

'कसं', 'कितपत', 'कशावरून' या शब्दांवर उभे राहिलेले प्रश्न बरे चालतात. 'महत्त्व', 'योगदान', 'वारसा' हे शब्द शीर्षकात दिसले की निबंध भाषणाकडे झुकणार, असं खुशाल समजा.

५. मला नाशिकचं काही नको, व्हॅन गॉगच हवा. चालेल का?

चालेल, पण मूळ चित्र तुम्ही पाहिलेलं नसणार. त्याच्या रंगाचा थर किती जाड आहे, जवळून आणि लांबून काय फरक पडतो, हे छापील पानावर कळत नाही, आणि मोबाइलवर तर रंगही बदलतात. त्यामुळे प्रतिकृतीवरून उत्तर देता येईल असाच प्रश्न निवडा: चित्रचौकटीची रचना, एकाच विषयाच्या दोन आवृत्त्यांतला फरक, किंवा त्याने पत्रांत जे लिहिलं त्याची चित्राशी पडताळणी. त्याची पत्रं इंटरनेटवर वाचायला मिळतात. निबंधातही सरळ लिहा की हा अभ्यास प्रतिकृतींवरून केला आहे.

मधला मार्गही आहे. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय पाहून संध्याकाळच्या गाडीने परत येता येतं. आधुनिक चित्रकलेवर लिहायचं असेल तर तिथे भिंतीवर असलेल्या चित्रांतूनच एखादं निवडा. मात्र प्रदर्शनं बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा.

६. कलाकृतीसमोर उभी राहिले की 'सुंदर कोरीवकाम' याच्यापुढे काही सुचत नाही. काय पाहायचं?

पहिला अर्धा तास मोबाइल पिशवीत ठेवा आणि वहीत रेखाटन करा. ते वाईट आलं तरी बिघडत नाही. हात चालायला लागला की डोळा थांबून पाहतो.

लेणं ३ चंच उदाहरण घेऊ. समोरून पाहिलं तर व्हरांड्याच्या खाली सहा धिप्पाड आकृती खांद्यावर तुळई पेलून आहेत, जणू सगळी इमारत त्यांनीच उचलून धरलीय. प्रत्यक्षात सगळा डोंगर एकसंध. तिथे पेलायला काही नाहीच, तरी शिल्पकाराने लाकडी बांधकामाची भाषा दगडात वापरली. का? झालं, पहिला प्रश्न मिळाला. मग खांब पाहा. खांबांच्या पुढे कोरीव कठडा येतो, त्यामुळे त्यांचा तळ दिसत नाही. वर घंटेच्या आकाराचं शीर्ष आणि त्यावर प्राणी. आता लेणं १० कडे या. तिथे खांबांना घटाच्या आकाराचे तळ आहेत आणि घंटेची बाह्यरेषा अधिक लांब, अधिक डौलदार आहे. हे दोन खांब वहीत शेजारी शेजारी काढा. तळ, दांडा, घंटा, प्राणी असे चार भाग पाडून प्रत्येकाची उंची एकूण उंचीच्या कितवा भाग आहे ते अंदाजाने लिहा. पुन्हा लेणं ३ च्या दाराशी जा. चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकावर एक कप्पे आहेत आणि प्रत्येकात स्त्री-पुरुषांची छोटी दृश्यं. वर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र. दोन्ही बाजूंना द्वारपाल. कप्प्यातल्या माणसांचे हात कुठे आहेत, कोण कुणाकडे पाहतंय, खालून वर जाताना दृश्य कसं बदलतं, हे लिहायला घेतलंत की दोन पानं सहज भरतात.

हे झालं वर्णन. विश्लेषण त्याच्या पुढची पायरी आहे. 'घंटेचा आकार आखूड आहे' हे वर्णन. 'घंटा आखूड केल्यामुळे वरचे प्राणी मोठे दिसतात आणि नजर खांबावर न थांबता वरच्या पट्टीकडे जाते' हे विश्लेषण. दुसऱ्या प्रकारची वाक्यं कुठे आहेत ते निबंधात पेन्सिलीने खूण करून पाहा. पानभर एकही खूण नसेल तर ते पान पुन्हा लिहावं लागणार.

आणि दगडाला हात लावू नका. मापं नजरेने घ्या किंवा ठरावीक अंतरावरून फोटो काढून त्यावर मोजा.

७. नाशिकमध्ये संदर्भ कुठे मिळतील?

सुरुवात १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयापासून करा. तिथल्या ग्रंथपालांना विषय नव्हे, प्रश्न सांगा. मदत जास्त नेमकी मिळते. स्थानिक विषय असेल तर १८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर उघडायलाच हवा, तो मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड आहे. त्यात पांडवलेण्यांवर सविस्तर मजकूर आहे आणि त्यामागे पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांची मेहनत आहे. त्यातली मतं आज जशीच्या तशी स्वीकारायची नाहीत, पण १८८३ मध्ये काय दिसत होतं याची ती साक्ष आहे. लेण्यांतले शिलालेख फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या मालिकेच्या आठव्या खंडात वाचून छापले. हे दोन्ही खंड इंटरनेटवर विनामूल्य सापडतात.

शिलालेखांना घाबरू नका, त्यांत गोष्टी असतात. लेणं १० मधल्या एका लेखात उषवदात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिकांच्या संघांकडे) ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवतो: २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक टक्क्याने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. दोन हजारांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागवायचा. आता एक इशारा. हे वाचून बरेच जण थेट येवल्याच्या पैठणीपर्यंत उडी मारतात आणि 'दोन हजार वर्षांची अखंड विणकाम परंपरा' लिहून मोकळे होतात. मधल्या शतकांचा पुरावा हाती नसेल तर असली उडी मारू नका.

८. विकिपीडिया आणि एआय वापरलं तर चालतं का?

विकिपीडिया वाट शोधायला वापरा, मुक्कामाला नको. तिथली माहिती जिथून आली तो ग्रंथ गाठा आणि त्याचाच हवाला द्या. एआयबद्दल संस्थेचा नियम पाळा आणि वापरलं असेल तर तसं नमूद करा. अडचण वेगळीच आहे: ते तुम्हाला अस्तित्वात नसलेलं पुस्तक पानक्रमांकासह देतं, आणि तुमच्या लेण्याचा तुम्ही कधी न पाहिलेला खांबही रंगवून सांगतं. प्रत्यक्ष जाऊन आलेल्या परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळतं.

९. किती आधी सुरुवात करायची? माझ्याकडे दोनच महिने आहेत.

दोन महिने पुरतात, पण क्रम बदलू नका. पहिला आठवडा पाहणी आणि प्रश्न. पुढचे दोन-तीन वाचन. मग दुसरी पाहणी, तीही वाचलेलं बरोबर घेऊन. त्यानंतर पहिला खर्डा, आणि शेवटचे दहा दिवस फक्त दुरुस्ती, चित्रं आणि संदर्भसूचीसाठी. संदर्भ जसजसे वाचाल तसतसे पानक्रमांकासह टिपून ठेवा. शेवटच्या रात्री पानं शोधत बसण्याइतकं वैतागाचं काम दुसरं नाही.

ऋतूचाही विचार करा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि आतला उजेड कमी होतो. २०२७ च्या कुंभमेळ्याच्या दिवसांत रामकुंडावर शांतपणे रेखाटन करता येईल अशी आशाच धरू नका. मात्र प्रश्न त्या गर्दीच्या दृश्याचाच असेल तर गोष्ट वेगळी.

१०. येवल्याच्या विणकरांशी बोलायचंय. मुलाखत कशी घेऊ?

आधी ओळख काढून, वेळ ठरवून जा. मागावर बसलेल्या माणसाचा वेळ म्हणजे त्याची मजुरी, हे लक्षात असू द्या. यादी घेऊन प्रश्नांची फैर झाडण्यापेक्षा तासभर नुसतं विणणं पाहा आणि मग दिसलं त्याबद्दल विचारा. पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळा, त्या त्या रंगाच्या हद्दीत तो फिरून परत येतो आणि शेजारच्या धाग्यात अडकतो. म्हणून पारंपरिक पदर उलट बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. हे समजलं की 'मोराची मान इतकी पायरीपायरीने का वळते?' हा खरा दृश्यकलेचा प्रश्न सुचतो, आणि त्याचं उत्तर विणकरच देऊ शकतो.

ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारा. नाव छापायचं की नाही तेही विचारा. नको म्हणाले तर 'येवल्यातील एक विणकर' एवढं पुरे. पुस्तक आणि विणकर यांचं म्हणणं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. पुस्तकालाच झुकतं माप देण्याची सवय वाईट.

११. वारली चित्रकला घेतली तर सोपं जाईल ना?

सोपी दिसते, म्हणूनच निबंध पसरट होतात. आधी ठरवा की कोणती वारली. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लिहितात तो चौक, त्यात लग्नाची देवता पालघट, हे एक. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून बाहेरच्या जगापुढे आलेली, जिव्या सोमा मशे यांनी कागद-कापडावर नेलेली चित्रं, हे दुसरं. आणि रेस्टॉरंटच्या भिंतीवरचा तारपा नाच, हे तिसरं. तिघांचा काढणारा, पाहणारा आणि हेतू वेगळा. तुलना जरूर करा, पण एकाचे अर्थ दुसऱ्यावर चिकटवू नका. पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या पाड्यावर जाणार असाल तर प्रश्न १० मधली पथ्यं इथेही लागू.

१२. फोटो किती टाकू? आणि कॉपीराइटचं काय?

ज्याबद्दल मजकुरात बोललात तेवढेच. सजावटीचे फोटो काढून टाका. प्रत्येकाला क्रमांक द्या, खाली कलाकार (माहीत असेल तर), शीर्षक किंवा वस्तू, काळ, माध्यम, आकार, ठिकाण आणि फोटो कुणी, कधी काढला ते लिहा. मजकुरात 'वरील चित्रात' असं न म्हणता 'आकृती ४' म्हणा. पानं सरकली की 'वरील' खाली जातं.

भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या चित्रावर हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, तिथे प्रश्न नाही. हयात चित्रकाराचं काम अभ्यासापुरतं, श्रेय देऊन वापरणं ठीक. निबंध पुढे कुठे छापणार असाल तर परवानगी घ्या. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याला आधी विचारावं लागतं. देवळांच्या गाभाऱ्यात फोटोचा हट्ट धरू नका, तिथे तुमचं रेखाटनच आकृती म्हणून द्या. परीक्षकांना ते उलट आवडतं.

१३. एकाच देवळाचा काळ तीन पुस्तकांत तीन दिलाय. कोणता लिहू?

गोंदेश्वराबाबत हे हमखास होतं, कुणी अकरावं शतक म्हणतं, कुणी बारावं. अशा वेळी सरासरी काढू नका! प्रत्येक लेखक कशाच्या आधारे बोलतोय ते पाहा: शिलालेख, शैली, की नुसती ऐकीव आख्यायिका. शिलालेख सगळ्यात भक्कम, पण तोही तो ज्या दगडावर आहे त्याबद्दलच बोलतो. अंजनेरीच्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा लेख आहे. त्यावरून शेजारच्या प्रत्येक देवळाला तेच वर्ष लावता येत नाही. शक संवत असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन येतं, क्वचित महिन्यानुसार ७९. तुमचा प्रश्न काळाचा नसेल तर 'यादवकाळ' एवढं लिहून तळटीपेत मतभेद नोंदवा आणि पुढे चला.

१४. मूर्तीवर शेंदूर आहे किंवा मूळ काम नंतर बदललंय. मग अभ्यास कशाचा करायचा?

आज जे दिसतं त्याचा, आणि ते तसं का दिसतं याचा. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड थर २०२२ मध्ये काढले, तेव्हा अनेकांनी देवीचं मूळ रूप पहिल्यांदाच पाहिलं. त्याआधी आणि त्यानंतर लिहिलेल्या वर्णनांत फरक पडणारच, म्हणून संदर्भाचं साल पाहा. पांडवलेण्यांतही हे आहे. लेणं १० च्या मागच्या भिंतीवर मुळात स्तूप कोरलेला होता, नंतर त्यातूनच भैरवाची आकृती घडवली गेली. बदल करणारेही घडवणारेच होते, त्यांना 'विद्रूप करणारे' ठरवून मोकळं होऊ नका.

पूजेतल्या मूर्तीबद्दल लिहिताना भाषा सांभाळा, पण विश्लेषण सोडू नका. गोदेला पूर आला की 'पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं' असं सगळं नाशिक बोलतं. ती मूर्ती एकाच वेळी देव, शिल्प आणि पूरमापक आहे. निबंधात तिन्ही येऊ द्या, फक्त कोणत्या नात्याने बोलताय ते वाक्यागणिक स्पष्ट असावं.

१५. काळाराम मंदिर घेतलं तर 'हा इतिहासाचा विषय' म्हणाले. फाळके घेतले तर 'हा सिनेमा' म्हणाले. मग काय घेऊ?

दोन्ही घेता येतात. २ मार्च १९३० ला सुरू झालेला सत्याग्रह हा प्रश्नाचा गाभा असेल तर तो इतिहासाचा निबंध होईल. पण 'मंदिराची तटबंदी, दारं आणि सभामंडप यांची मांडणी कुणाला कुठपर्यंत येऊ देते?' असं विचारलं की सत्याग्रह संदर्भ म्हणून येतो आणि वास्तू केंद्रस्थानी राहते.

दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, १८७० चा जन्म. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, पुढे रविवर्मांच्या छापखान्यात काम केलं. त्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली पात्रांची मांडणी आणि त्या काळच्या शिळाछाप (दगडावरून छापलेल्या) चित्रांतली मांडणी यांची तुलना हा पक्का दृश्यकलेचा विषय आहे. फक्त एक खाच आहे. जी रिळं आज पाहायला मिळतात ती १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. याचा उल्लेख न करता '१९१३ ची चौकट' असं लिहिलंत तर माहितगार परीक्षक तिथेच पकडेल.

१६. मांडणी कशी ठेवू? प्रस्तावना आधी लिहायची का?

प्रस्तावना शेवटी लिहा. तोपर्यंत आपण काय म्हणालो ते आपल्याला कळलेलं असतं. मधल्या मजकुराची प्रकरणं मुद्द्यांवरून पाडा, कलाकृतींवरून नको. 'लेणं ३' आणि मग 'लेणं १०' अशी दोन प्रकरणं केलीत की तुलना वाचणाऱ्याच्या गळ्यात पडते. 'तळ', 'शीर्ष', 'प्राणी' अशी केलीत तर ती आपोआप होते. शब्द जास्त झाले असतील तर आधी चरित्र आणि राजवंशाचा इतिहास छाटा, निरीक्षणं नाही.

१७. स्वतःच्याच चित्रांवर निबंध लिहू शकते का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि ते बरंच आहे. तुमच्या चित्रावर ज्याचा प्रभाव आहे त्याच्यावर लिहा.

१८. मी पालक आहे. मुलीला कितपत मदत करू?

सिन्नरला गाडीने सोडा, पाण्याची बाटली द्या आणि तासभर तिला एकटीला पाहू द्या. खर्डा वाचून 'हे मला कळलं नाही' एवढं जरूर सांगा. वाक्यं दुरुस्त करू नका. मार्गदर्शक शिक्षकांचंही काम साधारण एवढंच असतं. तेही प्रश्न विचारतात, उत्तरं लिहून देत नाहीत.

१९. प्रश्न ४ मधल्या दोन लेण्यांत अनुकरण झालंय असं मी धरून चाललो होतो, पण पाहणीत तसं दिसत नाही. आता विषय बदलू का?

अजिबात नको. 'तळ वेगळे, घंटेचं प्रमाण वेगळं, पण प्राण्यांची कल्पना समान. म्हणून अनुकरणापेक्षा दोन्हीकडे एकाच परंपरेतले कारागीर असण्याची शक्यता जास्त वाटते' असं लिहिता आलं तर ते चांगलंच उत्तर आहे. फक्त 'सिद्ध होतं' हा शब्द जपून वापरा. आणि मूळ अंदाज काय होता, तो कुठल्या निरीक्षणापाशी अडला, हे प्रस्तावनेत दोन ओळींत सांगा. काही संस्था कामाच्या प्रवासाबद्दल वेगळं टिपण मागतात. त्यात हीच हकिकत सविस्तर लिहा, वहीतल्या तारखांसकट.